टिकटिक करणारी सवत

मी एक जुनी झारी आहे. पत्र्याची. आता तुम्ही म्हणाल, झारीला कसली आली गोष्ट? मित्रांनो, ऐका तर खरं. माझं पोट जळतंय, आणि बोलल्याशिवाय ते थंड होणार नाही.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं. लांब मान दिली, मानेला बारीक भोकांची चाळणी दिली आणि हिरवा रंग चढवला. दुकानातून मला आईने उचललं. आई म्हणजे या घराची आई. सगळे तिला आईच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. अंगणातल्या प्रत्येक कुंडीला माझ्याच हाताने पाणी मिळायचं. "हिची धार किती हलकी पडते बघा," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी फुलून जायचे.

पुढे रंग उडाला. बूड गंजलं, त्याला भोक पडलं आणि मी वाटेतच ठिबकू लागले. "आता हिला टाक," असं बाबा म्हणायचे. आई ऐकायची नाही.

घरची मंडळी सुट्टीत गावाला गेली की शेजारच्या काकू मला घेऊन जायच्या. दोन अंगणांच्या मधल्या भिंतीत एक छोटं फाटक आहे. काकू मला आपल्या नळावर भरायच्या, फाटकातून यायच्या, झाडांशी गप्पा मारत पाणी घालायच्या. "काय गं, मान का टाकलीस? रुसलीस होय?" असं त्या गुलाबाला विचारायच्या. एरवी काकूंच्या घरात त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. ते दिवस आम्हा दोघींचे असायचे.

आणि या वर्षी ती आली. नळाच्या तोंडावर बसणारी, चकाचक, पोटात घड्याळ असलेली मशीन! तिच्यापासून काळ्या बारीक नळ्या निघाल्या आणि एकेका कुंडीत शिरल्या. माझ्या कुंड्या, मित्रांनो! बाबा तर तिच्यावरून जीव ओवाळून टाकत होते. "वेळ झाली की आपोआप पाणी सोडते. कुणाच्या पाया पडायला नको."

"ती सोडेल ना नक्की?" आईने विचारलं. "नाहीतर झाडांवर आपल्यालाच पाणी सोडावं लागेल."

आईचा जीव कुंडीतल्या लिंबाच्या झाडात अडकला होता. तिच्या वडिलांनी आजारपणात लावलेलं ते रोप. ते गेले, रोप वाढलं, पण फुलाचं नाव नव्हतं. या वर्षी पहिल्यांदाच त्याला कळ्या आल्या होत्या.

काकू फाटकाशी आल्या तेव्हा बाबा हसून म्हणाले, "काकू, या वेळी तुम्हाला अजिबात त्रास नाही हं."

"त्रास कसला मेला," काकू म्हणाल्या आणि परत फिरल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला. माझाही तसाच झाला असता, चेहरा असता तर.

निघताना बाबांनी नेहमीचा पाढा म्हटला. "खिडक्या लावल्या, गॅस बंद, ओट्याखालचा पाण्याचा कॉक बंद." एकदा ते गावाला गेले असताना घरात पाइप फुटला होता आणि चटया तरंगल्या होत्या. तेव्हापासून कॉक बंद केल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नाहीत. पण अंगणातला नळही त्याच कॉकवर! काकू आपल्या घरून पाणी आणायच्या, म्हणून हे कधी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

माझ्या मात्र लगेच ध्यानात आलं. घराला कुलूप लागलं आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता बघू बाईसाहेबांची ऐट!

वेळ झाली. मशीन म्हणाली, "टिक." नळ्या कोरड्याच. दुसऱ्या दिवशी पुन्हा "टिक." मी मनातल्या मनात पोट धरून हसले. मग ऊन तापलं. गुलाबाने मान टाकली. लिंबाची एक कळी माझ्या पुढ्यात गळून पडली आणि माझं हसू आटलं. मशीनची फजिती व्हावी असं मला वाटत होतं, पण लिंबाने काय पाप केलं होतं? मला पाय नाहीत, आवाज नाही. मी नुसती फाटकाकडे बघत राहिले.

काकू भिंतीपलीकडून रोज डोकावत होत्या आणि मान वळवून आत जात होत्या. त्यांनाही मशीनचा राग होताच. शेवटी एका सकाळी फाटक करकरलं. काकूंनी कुंडीत बोट खुपसलं, नळ सोडून पाहिला, तर थेंब नाही. "टिकटिक करतेय नुसती, मेली!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला उचललं. मित्रांनो, तो हात! त्यानंतर रोज त्यांच्या नळापासून लिंबापर्यंत आम्ही खेपा घातल्या. काकू धापा टाकायच्या, मी ठिबकायचे.

मंडळी परतली तेव्हा अंगण हिरवंगार होतं आणि लिंबाला पांढरी फुलं आली होती. "बघितलंस? याला म्हणतात मशीन!" बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. काकू पलीकडे कपडे वाळत घालत होत्या. "छान झालं हो," एवढंच म्हणाल्या. बोला की काकू! माझा नुसता जळफळाट झाला.

आईने हात धुवायला मशीन काढून नळ सोडला. नळ फुसफुसला. "अगं, कॉक मीच बंद..." बाबांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. तेवढ्यात आईच्या हातातली मशीन म्हणाली, "टिक."

आईची नजर जमिनीवर गेली. फाटकापासून लिंबापर्यंत ओल्या थेंबांची एक रेघ होती. माझ्या गंजक्या बुडाने आखलेली.

"काकू, तुम्ही?"

"मला सांगितलं नव्हतंत," काकू म्हणाल्या. "पण झाडांनी काय घोडं मारलं होतं?"

आईने त्यांचे दोन्ही हात धरले. "मशीनने पाणी सोडलं नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही झाडांवर पाणी सोडलं नाहीत." तिचे डोळे भरून आले होते. बाबा तर मशीनकडे बघायलाही तयार नव्हते.

मशीन अजून आहे, मित्रांनो. कॉक उघडा असला की बरं काम करते, हे मला कबूल करावं लागतं, आणि तेव्हा माझं पोट अजून जळतं. पण लिंबाच्या कुंडीतली नळी आईने उपसून टाकली आहे. तिथे मीच. तुम्हीही गावाला जाताना मशीन खुशाल लावा, पण झाडं एखाद्या माणसाच्या हाती सोपवून जा. तहानलेल्या पानाकडे बघून जीव कासावीस व्हावा लागतो. तो टिकटिक करून होत नाही.

आई आज पुन्हा गावाला निघाली आहे. तिने मला फाटकापलीकडे, काकूंच्या पायरीवर ठेवलं आहे. मशीन तिकडून बघते आहे. बघू दे.