मान पालीचा, ओरड माझी

मी बोलतोय तो संगणकाच्या पोटातून. हरभऱ्याएवढा काळा बीपर आहे मी. रत्नागिरीत मंडईमागे सखारामशेठचा फोटो स्टुडिओ आहे, तिथे माझी नोकरी.

काम सोपं. संगणक सुरू झाला की आधी आतली पाहणी होते. प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, तापू नये म्हणून त्याच्या डोक्यावर छोटा पंखा असतो. तो फिरत असेल तर मी एकदा 'टुक' करतो. नसेल तर 'टुकटुकटुक' करत राहतो. चांगला माल ओरडून विकावा लागत नाही म्हणतात. मी तर ओरडूनही विकला गेलो नाही.

सगळं गिऱ्हाईक भिंतीवरच्या पालीकडे.

ती चुकचुकली की शेठची बायको शालन टेबलावर बोटाने तीनदा टकटक करायची आणि म्हणायची, "खरं आहे." एकदा शेठ एका नवरीच्या आईला सांगत होते, फोटोतला उजळ रंग मूळचाच आहे. नेमकी पाल बोलली. बाई निमूट फोटो घेऊन गेल्या. अशी तिची पत!

उन्हाळ्यात संगणकाची पेटी तापते म्हणून शेठनी बाजूचं झाकण काढलं ते काढलंच. पुढे पंखा अडकला. मी जीव तोडून ओरडलो. शेठ खूश. म्हणाले, "पाल बोलली. आज काम पुरं होणार." पडद्यावर पंख्याची सूचना आली, ती न वाचताच बटण दाबून पुढे गेले. सत्य माझं, श्रेय तिचं. नुसता जळफळाट झाला माझा.

काम होतं मिरकरवाड्याच्या दाजी तांडेलांच्या लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओचं. लग्नानंतर महिन्याभरात दाजींची आई गेली. तिचं हसणं-बोलणं आता फक्त आमच्या पेटीत होतं; कॅमेऱ्याचं कार्ड शेठनी कधीच पुसलेलं. आणि पेटी तर तापून मध्येच बंद पडायची. दाजी रोज येऊन बाकावर बसत. एकदा म्हणाले, "शेठ, गाणी नकोत, सजावट नको. आई बोलल्ये तेवढं द्या."

दुसऱ्या दिवशी संगणक लावला, मी ओरडलो. शेठ म्हणाले, पाल बोलली. शालनने टकटक करायला बोट उचललं आणि तसंच धरलं.

"अहो, पाल तर ही समोर बसल्ये, तोंड मिटून. मग बोललं कोण?"

ती पेटीजवळ वाकली. पंख्याच्या पात्याला दोन पांढरी अंडी चिकटलेली. पालीची. ऊब बघून बाईंनी माझ्याच शेजारी बाळंतपण मांडलेलं!

शालनने हलक्या हाताने अंडी सोडवून खिडकीतल्या कुंडीमागे ठेवली. पंखा फिरला. संध्याकाळी दाजींनी आईला बोलताना पाहिलं आणि बराच वेळ पेटीवर हात ठेवून बसले. तो हात माझ्यासाठीच होता, असं मी धरून चालतो.

तुमच्याकडेही माझा एखादा भाऊबंद ओरडत असेल. बटण दाबण्याआधी जरा वाकून बघा.

आता रोज सकाळी माझं एकच 'टुक'. शालन मान वर न करता टेबलावर तीनदा टकटक करते. "खरं आहे."

पाल भिंतीवरून बघत असते. बघू दे.