मथुराबाईंचं नाव ऐकलेली सतरंजी

मित्रांनो, जिच्यावर बसून तुम्ही रोज खिचडी खाता आणि जिला खुशाल हात पुसता, ती शाळेची जुनी सतरंजी मीच. पुसा हात, माझी तक्रार नाही. माझं आयुष्य फार चांगलं गेलं.

उमरग्याजवळच्या तुमच्याच गावात दादामियाँ विणकरांनी मला विणलं आणि मी चावडीत आले. माझ्यावर फक्त पुरुष बसत. मथुराबाई मला रोज झटकायच्या. पण बसणं सोडाच, माझ्यावर पाऊलही ठेवत नसत.

देशातल्या पहिल्या निवडणुकीआधी कारकून मतदारांची यादी करायला आला. परक्या पुरुषाला बाईनं आपलं नाव सांगू नये, अशी तेव्हाची रीत. मथुराबाई पदर ओढून गप्प राहिल्या. त्यांचा लेक म्हणाला, "लिवा की, बब्रुवानची आई." अशी नावं पुढं यादीतून गळली. मतदानादिवशी मताच्या पेटीपुढं दोरीवर टाकून माझा आडोसा केला होता. नवं लुगडं नेसून आलेल्या मथुराबाई तशाच माघारी गेल्या. मला फार वाईट वाटलं.

पाच वर्षांनी पुन्हा यादी निघाली, तेव्हा त्या आपणहून चावडीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"मालकाचं नाव काय, बाई?" कारकुनानं विचारलं.

झाली का पंचाईत! नवऱ्याचं नाव नुसतं कसं घ्यायचं? माझ्यावर बसलेली मंडळी गालात हसू लागली. त्यांच्यातून खुद्द मालक, बलभीमराव उठले, "म्या सांगतो."

"तुमी बसा. माझं म्या सांगते," मथुराबाई म्हणाल्या, आणि भर चावडीत त्यांनी उखाणा घेतला:

"शाळूच्या कणसावर राघूंची धाव,
बलभीमरावांची अस्तुरी, मथुरा माझं नाव!"

कारकुनानं नाव लिहून घेतलं. बलभीमराव मिशीत हसत खाली बसले.

त्या मतदानाला मी पुन्हा दोरीवर होते. चिठ्ठी पेटीत टाकून झाली तरी मथुराबाई हलेनात. माझा काठ मुठीत धरून पुटपुटल्या, "बये, इथं मला कुणीच बघंना." एवढ्या माणसांना बसायला दिलं, पण त्या दिवसाइतकं समाधान मला कधी मिळालं नाही.

पुढं चावडीतून मी तुमच्या शाळेत आले. परवा तुमच्या वर्गमंत्र्याच्या निवडणुकीला गुरुजींनी मला पुन्हा दोरीवर टाकलं. चार ठिगळांसकट मी फुलून गेले. गुरुजींनी उमेदवारांना आपापलं नाव सांगायला लावलं, तर सृष्टी लाजून मैत्रिणीकडं बघू लागली. अगं, मला फाटेपर्यंत वापर, पण तुझं नाव दुसऱ्याला सांगू देऊ नकोस. तुझ्या पणजीला ते सांगायला पाच वर्षं लागली.