उजव्या खांद्यावर दोन थापा

मागे बसलेल्या रिमुयने नवऱ्याच्या, युकानच्या, उजव्या खांद्यावर दोन थापा मारल्या. युकानने ब्रेक दाबला, मोटारसायकल रस्त्याच्या कडेला घेतली आणि एक पाय जमिनीवर टेकवला. थोड्याच वेळात वळणाआडून रिकाम्या खोक्यांनी भरलेला ट्रक धापा टाकत वर आला.

ट्रकवाला बेहुय खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "काय युतास, मागचा हॉर्न अजून चालतोय वाटतं!"

या डोंगरात सगळ्याच म्हाताऱ्यांना युतास म्हणतात. पण युकानला ते ऐकू आलं नाही. उत्तर रिमुयने दिलं.

"तुझ्या हॉर्नपेक्षा बरा आहे. तुझा तर सर्दी झालेल्या कोंबड्यासारखा वाजतो."

बेहुय हसत पुढे गेला. युकानने मान मागे वळवली.

"काय म्हणाला?"

रिमुय त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "तू म्हातारा झालास, म्हणाला."

"आणि तो काय लग्नाला निघालाय?"

युकानने गाडी पुन्हा उताराला लावली. दरीत खाली नदी होती, पण तिच्यावर अजून ढग बसलेले होते. समोरच्या उतारावर पीचच्या बागा होत्या आणि प्रत्येक फळाला कागदी पिशवी बांधलेली होती. लांबून झाडांवर पांढरे पक्षी बसल्यासारखे वाटत.

हा रस्ता एका गाडीपुरता. दुसरी समोरून आली तर एकीने रुंद जागा बघून थांबायचं. म्हणून वळणाआधी ट्रकवाले दोनदा हॉर्न देतात, मोटारसायकलवाले एकदा. ज्याला आधी ऐकू येईल तो थांबतो. चार वर्षांपूर्वी युकानला ऐकू आलं नव्हतं. तो आणि एक ट्रक वळणावर इतके समोरासमोर आले, की ट्रकवाल्याच्या दातातला सुपारीचा तुकडा त्याला दिसला. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने गाडीची किल्ली खिळ्याला टांगली आणि आठवडाभर तिच्याकडे पाहिलं नाही.

मग शनिवारी सकाळी रिमुयने स्वतःच किल्ली काढली. घरातल्या जुन्या विणलेल्या कापडाची उशी शिवून तिने मागच्या सीटला बांधली होती.

"डोळे तुझे, कान माझे," ती म्हणाली. "चल, मशरूम सुकून कोळसा झालेत."

तेव्हापासून दर शनिवारी दोघं खाली पुलाजवळच्या बाजाराला जात. मशरूम आणि मिरी विकायची, रिमुयच्या बहिणीच्या टपरीवर नूडल्स खायच्या, वर यायचं. रिमुय सोमवारपासून शनिवारची वाट बघायची. हे ती बोलत नसे, पण शुक्रवारी संध्याकाळी हेल्मेट पुसून दाराशी ठेवलेलं असे.

देवदाराच्या वळणावर पुन्हा दोन थापा पडल्या. युकान थांबला. इथे रस्ता जरा रुंद होता. रिमुय खाली उतरली, "बघते हं," म्हणत झाडाकडे गेली. युकान वळणावरच्या गोल आरशात डोळे लावून बसला. ट्रक आला नाही. या वळणावर बहुतेक वेळा येतच नसे.

"वळला असेल बांबूच्या वाटेला," रिमुय परत येऊन म्हणाली आणि मागे बसली.

आज बाजाराआधी दवाखान्यात जायचं होतं. त्यांची मुलगी पितय शहरातून पहाटेच निघून थेट तिथे आली होती. युकानच्या कानासाठी यंत्र मागवण्याचं सगळं तिनेच जमवलं होतं. दवाखान्यातल्या बाईने ते त्याच्या उजव्या कानात बसवलं. टेबलावरचा कागद सरकला आणि युकान दचकला.

"याबा, ऐकू येतं?" पितय हळू आवाजात वडिलांना म्हणाली.

"ओरडतेस कशाला?"

पितयच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसलीही. मग ती आईकडे वळली.

"याया, आता तुला दर शनिवारी एवढी ओढाताण करायला नको. याबाला ऐकू येतं. तू आपली घरी बस. तुझा गुडघा काय मला दिसत नाही?"

"कुठला गुडघा?" रिमुय म्हणाली.

"डावा. दवाखान्याचा जिना चढताना बघितलं मी."

"जिन्याची पायरी वाकडी होती."

पितयने वडिलांकडे पाहिलं. युकान कानातलं यंत्र बोटाने चाचपत होता. रिमुयच्या मांडीवर उकडलेल्या रताळ्यांची पिशवी होती. तिने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

बाजार आटोपून वर येताना युकानने गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. वेग वाढला की हेल्मेटमध्ये वारा शिट्टी वाजवायचा. हळू चाललं की सगळं ऐकू यायचं. साखळीची खरखर ऐकू आली. ती सैल झाली होती, हे त्याला आजच कळलं.

पहिल्या अरुंद वळणाआधी हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा एकदा. युकानने आपण होऊन ब्रेक दाबला. गाडीच्या आरशात त्याला रिमुयचा हात दिसला. खांद्याकडे यायला अर्धा वर उचललेला. तो तिथेच थांबला आणि मग तिच्या मांडीवर जाऊन पडला.

कोबीचा ट्रक खाली निघून गेला.

"ऐकलंस?" रिमुयने विचारलं.

"ऐकलं."

"बरं झालं."

पुढच्या वळणावरही तसंच झालं. त्यानंतर ती काही बोलली नाही. एरवी ती पुढच्या प्रत्येक घराची बातमी त्याच्या कानात ओरडून सांगत असे. आता ओरडायची गरज नव्हती, आणि हळू बोलायची सवय दोघांनाही उरली नव्हती.

देवदाराचं वळण आलं. उजव्या खांद्यावर दोन थापा पडल्या. जोरात.

युकान थांबला. त्याला हॉर्न ऐकू आला नव्हता. त्याने इंजिन बंद केलं. झाडावरचे किडे किर्र करत होते, खूप खाली नदी वाहत होती, तापलेलं इंजिन टिक टिक करत होतं. यंत्र बिघडलं की काय, म्हणून त्याने पेट्रोलच्या टाकीवर नख ओढलं. ते स्वच्छ ऐकू आलं.

"बघते हं," म्हणून रिमुय उतरली.

युकान आरशाकडे बघतच राहिला असता. पण मागून एक बारीक आवाज आला, आणि त्याने मान वळवली. रिमुयने एका हाताने देवदाराचं खोड धरलं होतं. डावा पाय ती हळूहळू सरळ करत होती, मग वाकवत होती, मग पुन्हा सरळ. पाय सरळ होताना तिच्या तोंडून आपसूक निघत होतं, "अगं याया... याया गं."

चार वर्षांत हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

त्याने मान पुन्हा आरशाकडे वळवली. जरा थांबून मोठ्याने विचारलं, "येतोय का?"

"येतोय. हळू येतोय," ती म्हणाली. "माल जास्त असेल."

"मग बसू जरा. घाई काय आहे?"

तो खाली उतरला आणि कठड्यावर बसला. रिमुयने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या शेजारी येऊन बसली, डावा पाय लांब करून. तिने रताळी बाहेर काढली. ढग आता विरले होते आणि नदी खालपर्यंत दिसत होती. दोघं खात असतानाच युकानच्या खिशातला फोन वाजला.

"याबा, कसं चाललंय यंत्र?" पितयने विचारलं.

"घरात चांगलं चालेल," युकान म्हणाला. "रस्त्यावर काही खरं नाही. हेल्मेटमध्ये नुसती शिट्टी वाजते. याया मागे बसायला लागेलच."

"मग पुढच्या शनिवारी आणा, बाई नीट करून देतील."

"नको. शिट्टी चांगली वाजते."

रिमुय रताळ्याचं साल सोलता सोलता थांबली. मग तिने सोललेलं रताळं मोडलं आणि मोठा तुकडा त्याच्या हातात दिला.

"वळला वाटतं ट्रक," ती म्हणाली.

"वळलाच असेल." युकानने बोटं पँटला पुसली. "झऱ्याच्या वळणावरही हल्ली फार ट्रक येतात म्हणे. तिथेही थांबावं लागेल."

रिमुय नदीकडे बघत होती.

"हंगामच आहे," ती म्हणाली.

पुढे तिची बडबड सुरू झाली. बेहुयच्या सासूने कोंबड्या विकल्या, शाळेच्या छपराला हिरवा रंग लावला, तोही अर्धाच. ती नेहमीसारखीच ओरडून सांगत होती आणि यंत्रात तो आवाज कान फाटेल इतका मोठा येत होता. युकानने ते काढलं नाही.

शेवटच्या अरुंद वळणाआधी डोंगरापलीकडून हॉर्न वाजला. दोनदा, सर्दी झालेल्या कोंबड्यासारखा. वळण अजून बरंच पुढे होतं. युकानने गाडी हळू केली आणि वाट पाहिली.

उजव्या खांद्यावर दोन थापा पडल्या. मग त्याने ब्रेक दाबला.