मेराउकेहून येणारा ठोका

लांबून एकत्र वाजवणे अशक्य आहे, असे ध्वनिशास्त्राचे डॉक्टर बास्कोरो यांनी चाळीस पानांच्या अहवालात सिद्ध केले होते. सुकेसीने ती चाळीसही पाने वाचली. लेखक आयुष्यात एकदाही गाँगसमोर मांडी घालून बसलेला नाही, एवढे मात्र त्यातून निःसंशय सिद्ध होत होते.

सुकेसी जावातल्या आपल्या गावच्या गामेलान वाद्यवृंदात ढोल वाजवायची, म्हणजे सगळ्यांची लय तिच्या बोटांत. मोठ्या गाँगवर एकेचाळीस वर्षे वाकिजो आजोबा बसत; सगळे त्यांना म्बाह म्हणत. गेल्या वर्षी परिचारिका असलेल्या मुलीची बदली मेराउकेला झाली आणि म्हातारा तिच्याबरोबर देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथल्या जावानी वसाहतीच्या सभागृहात तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकून केलेला एक गाँग होता. गावच्या वादनात म्बाह इंटरनेटवरून तोच वाजवू लागले. सरावालासुद्धा डोक्याला बातिकचा रुमाल बांधून, जणू सारे गाव समोर बसले आहे.

पण त्यांचा ठोका इतक्या उशिरा पोहोचे की इकडे पुढची ओळ सुरू झालेली असे. मंगळवारच्या ग्रामशुद्धीच्या उत्सवात गाँग ध्वनिमुद्रित असावा, अशी शिफारस अहवालाने केली. म्बाह फोनवर एवढेच म्हणाले, "मग मी कशाला कपडे बदलून बसू?"

शनिवारी दुपारी शेवटची चाचणी घ्यायला डॉक्टर स्वतः आले. सोबत ध्वनिमुद्रित ठोक्याची पेटी होती, आणि ज्या माणसाला उत्तर आधीच ठाऊक असते त्याचा संयम.

"सोपं आहे," ते म्हणाले. "आजोबांनी ठोका आधीच मारायचा, म्हणजे तो इथे बरोबर वेळेवर पडेल."

म्बाहनी निमूटपणे तसे केले. ठोका सगळ्यांच्या सुरांबरोबर, अचूक त्याच क्षणी पडला.

बोनांगवर, म्हणजे छोट्या गाँगांच्या रांगेवर, बसलेल्या मुगियेमने काठ्या खाली ठेवल्या. "दार कुणी आपटलं?"

"चूक शून्य," डॉक्टर म्हणाले.

"तेच तर वाईट झालं, डॉक्टरसाहेब," मुगियेम म्हणाली.

बाकीचे हसले, सुकेसी हसली नाही. तिला संताप आला होता, आणि संताप आला की तिचे डोके थंड व स्वच्छ चाले. मोठा गाँग सुरांबरोबर कधीच पडत नाही. सगळे पोहोचतात, वाट पाहतात, आणि मग तो येतो. चाळीस पानांत ज्याला दोष म्हटले होते, ते तर त्या वाद्याचे शील होते. मग म्बाहचा ठोका इतका का चुके? कारण उशीर दोनदा होत होता. एक इंटरनेटचा, दुसरा म्बाहच्या मनगटात मुरलेला.

"म्बाह," ती संगणकाच्या पडद्याकडे वळून म्हणाली, "आमचा शेवटचा सूर कानावर पडला की लगेच मारा. थांबू नका."

"नवशिक्यासारखं?"

"अगदी तसंच. रेंगाळायचं काम लाइनवर सोडा."

"एकेचाळीस वर्षं मी स्वतः उशीर केला, सुकेसीबाई. आता त्यालाही नोकर ठेवायचा?"

"मेराउकेला जाऊन साहेब झालात ना तुम्ही," मुगियेम म्हणाली.

सुकेसीने लय सैल केली. वादनाचे चक्र संपत आले. शेवटचा सूर पडला आणि सगळे वाट पाहू लागले. त्या पोकळीत पत्र्याच्या पिंपाचा खोल, किंचित खरखरीत ठोका आला. दिवसभराचे काम उरकून कुणी ओसरीवर सावकाश टेकावे, तसा. मुगियेमने डोळे मिटले. चक्र पुन्हा फिरले, ठोका पुन्हा तसाच आला, आणि तिसऱ्या वेळी झांजवाला उगाचच हसत सुटला.

डॉक्टरांनी यंत्रावरचा आकडा पाहिला. "अर्धा सेकंद उशीर आहे."

"म्बाहनी याहून कमी कधीच केला नाही," मुगियेम म्हणाली.

डॉक्टरांनी आकडा पुन्हा तपासला. मग यंत्र बाजूला ठेवले आणि, हे त्यांच्या बाजूने नमूद करायलाच हवे, खाली बसून आणखी दोन चक्रे ऐकली. त्यानंतर त्यांनी अहवालातील शिफारशीवर स्वतःच्या पेनाने आडवी रेघ मारली. पेटी न उघडता गाडीत परत गेली.

सुकेसीने म्बाहविना उभ्या असलेल्या गाँगच्या चौकटीला चाफ्याची फुले अडकवली आणि पडद्याकडे पाहिले. तिकडे दिवेलागण झाली होती. म्बाह रुमाल सोडून पुन्हा नीट बांधत होते.

"मंगळवारी कुठला सदरा घालू?" त्यांनी विचारले. "निळा की तपकिरी?"