उसनी जोडवी

१९५७ साली चिंचवडच्या वेशीबाहेर, पत्र्याच्या एका शेडमध्ये अकबर तांबोळी बोकडाच्या शिरा भाजत बसलेला असे. गावात त्याची बरीच चेष्टा चाले. कुणी म्हणे, याला खाणावळ काढायची आहे. कुणी म्हणे, डोक्यावर परिणाम झालाय. त्याची बायको खैरुन्निसा यातलं काहीच मनावर घेत नसे. शिरा धुऊन टेबलावर मांडायचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं, आणि मनावर घ्यायला फुरसत लागते.

अकबर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. तळेगावच्या एका इस्पितळात डॉक्टर सुमनताईंचं विलायती डायथर्मी यंत्र बंद पडलं आणि परदेशी सुटे भाग मिळेनात, तेव्हा त्यांनी त्याला बोलावलं. यंत्र काही दुरुस्त झालं नाही, पण अकबरच्या डोक्यात जाऊन बसलं. चिमट्याच्या टोकातून वीज शिरेत उतरते, शीर जागच्या जागी भाजून मिटते, रक्त थांबतं, आणि रोग्याच्या पाठीखाली ठेवलेल्या शिशाच्या पत्र्यातून वीज परत यंत्राकडे जाते. एवढं कळल्यावर त्याने रेडिओ कोपऱ्यात सारले आणि तसंच यंत्र इथे बनवायला घेतलं. वर्षभर घर खैरुन्निसाच्या शिवणावर चाललं. यंत्रातली तांब्याच्या तारेची वेटोळीही तिनेच गुंडाळली, डोळे दुखेपर्यंत.

चाचणीची रीत सोपी होती. पिंपरीत तिच्या मामाचं, हनीफचं, मटणाचं दुकान होतं. तिथून ताज्या शिरा येत. शिरेचं एक तोंड चिमट्यात धरून अकबर पायाखालचं बटण दाबी आणि चर्र आवाज होई. दुसऱ्या तोंडाला रबरी नळी, आणि नळीचं टोक वर टांगलेल्या पाण्याच्या बाटलीला. माणसाच्या अंगात रक्ताला जेवढा जोर असतो तेवढा पाण्याला यावा, इतक्या उंचीवर ती बाटली. खैरुन्निसा नळीचा चाप सोडायची आणि दोघं भाजलेल्या टोकाकडे टक लावून बसायची. थेंब आला की अकबर मुकाट्याने तारा सोडायला घेई. थेंब यायचा बंद झाला, तेव्हा सुमनताई स्वतः बघून गेल्या आणि म्हणाल्या, "आता जिवंत जनावर."

मेंढीला भूल देऊन तीही चाचणी झाली. शीर मिटली, मेंढी जगली. पण मेंढीचा पाय धरून उभी असताना खैरुन्निसाच्या हातातलं चांदीचं कडं लोखंडी टेबलाला टेकलं आणि मनगटाला असा चटका बसला की ती किंचाळलीच. अकबरने आधी कडं बघितलं, मग टेबल.

"विजेला पत्र्याची वाट दिलीये," तो म्हणाला, "पण तिला दुसरी सापडली तर ती तिकडूनही जाते."

मेंढ्यांना दागिन्यांची हौस नसते, म्हणून हे इतके दिवस कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सुमनताईंनी तिथल्या तिथे नियम केला, की टेबलावर रोग्याच्या अंगावर गुंजभरही धातू नको.

नियम झाला आणि पहिली रोगी आली ती निघोज्याची गोजाबाई. तिच्या गळ्यावरचा गलगंड इतका वाढला होता की श्वासनळी दबत चालली होती. आडवं झालं की जीव घुसमटे, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. "मोठ्या शिरा मी दोऱ्याने बांधीन," सुमनताई म्हणाल्या, "पण अशा गाठीत बारीक शिरांचं जाळं असतं. यंत्राशिवाय मी हात लावणार नाही. आणि थांबायलाही वेळ नाही." अकबरला त्यांनी बाजूला घेऊन आणखी एक सांगितलं. पहिलीच बाई दगावली, तर हे यंत्र पुन्हा कुणी टेबलाजवळ आणू देणार नाही.

ठरल्या दिवशी गोधडीत गुंडाळलेलं यंत्र लॉरीतून तळेगावला आलं, सोबत अकबर आणि खैरुन्निसा. ठिणगीजवळ भुलीचं ईथर पेट घेतं, म्हणून क्लोरोफॉर्म मागवला होता. सगळी सिद्धता झाली, आणि घोडं अडलं ते गोजाबाईच्या पायाशी. मंगळसूत्र तिने काढून दिलं, कारण गळाच कापायचा होता. बांगड्या काचेच्या होत्या. पण अंबूबाई नर्सने पायातल्या जोडव्यांना हात लावला, तशी तिने पाय आखडून घेतले.

"ती न्हाई निघायची. मालक गेल्यावरच काढत्यात ती."

मालक, म्हणजे कोंडाजी, दारातच उभा होता. तो कसनुसा हसला.

अकबरने सायकलच्या ट्यूबचं रबर वर चढवायचं सुचवलं. सुमनताईंनी मान हलवली. "रबर घसरलं तर? खैरुन्निसा ओरडली म्हणून आपल्याला कळलं. ही भुलीत असणार."

गोजाबाई खाटेवरून उतरली आणि पदर सावरत दाराकडे निघाली. चार पावलांत तिला धाप लागली. भिंत धरून ती उभी राहिली. घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. खैरुन्निसाने धावत जाऊन तिला धरलं आणि मनगटावरचा डाग दाखवला. "मावशी, मी शुद्धीत होते, तरी एवढं भाजलं. तुमची बोटंच जातील."

गोजाबाईने तो डाग न्याहाळला. मग म्हणाली, "काढते. पन मोकळी ठिवायची न्हाईत. सवाष्णीच्या पायातनं निघाली, तर सवाष्णीच्याच पायात जायाला हवी."

आता सवाष्ण आणायची कुठून? सुमनताईंचं लग्न झालेलं नव्हतं. अंबूबाई विधवा. वॉर्डातल्या बायका क्षयाच्या, त्यांचं नाव काढताच गोजाबाईने तोंड फिरवलं. मग तिची नजर खैरुन्निसावर आली.

"तुजा दादला हाय न्हवं?"

"आहे की. आत तारा जोडतोय."

"मंग घाल."

"मावशी, आमच्यात जोडवी घालत नाहीत."

"आज घाल."

साबणाच्या पाण्याने जोडवी निघाली. कोंडाजीने दुसरीकडे बघितलं. खैरुन्निसाने ती आपल्या बोटांत चढवली आणि चांदीची ती ऊनऊन वळी कातडीला लागताच तिला खरोखर भीती वाटली. दुसऱ्या बाईचा नवरा असा उसना सांभाळायचा म्हणजे गंमत नव्हे.

दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर ती पाय वर घेऊन बसली. ही जोडवी घालून उगाच चालू नये असं तिचं तिनेच ठरवलं. समोर कोंडाजी. थोड्या वेळाने तो उठला.

"कुठं निघालात, भाऊ?"

"तंबाखू संपली. रस्त्यापल्याड दुकान हाय."

त्या रस्त्याने मुंबईच्या लॉऱ्या धडधडत जात. "मुळीच नाही," खैरुन्निसा कडाडली. "बसा खाली. तुमची जोखीम आज माझ्यावर आहे."

कोंडाजी खाली बसला. सकाळी तिला या माणसाचं नावही माहीत नव्हतं, आणि आता तो खोकला तरी तिचं काळीज हलत होतं.

अकबर बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा घामाने चिंब होता. "रक्त थांबलं," तो म्हणाला. "सगळ्या शिरा मिटल्या. पण आवाजाची नस गाठीला चिकटून होती. तिला शेक लागला असेल तर बाईचा आवाज जाईल. ती बोलेपर्यंत काही सांगता येत नाही."

सगळे खाटेभोवती जमले. गोजाबाईने डोळे उघडले. श्वास संथ चालला होता, शिट्टी नव्हती.

"गोजाबाई, नाव सांगा तुमचं," सुमनताई म्हणाल्या.

ओठ मिटलेलेच.

"बोला. काहीही बोला."

काही नाही. कोंडाजीने खाटेची कड घट्ट धरली. सुमनताईंचा चेहरा उतरला. अकबर भिंतीला पाठ लावून खाली सरकला आणि तिथेच बसला. खैरुन्निसाला आधी आठवलं ते गुंडाळलेल्या तारांचं वर्ष, आणि समोर बाई मुकी पडलेली असताना आपल्याला यंत्र आठवतंय याची तिला लाज वाटली. तिने गोजाबाईकडे बघितलं. गोजाबाई कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती. ती खैरुन्निसाच्या पायांकडे बघत होती.

खैरुन्निसाने तिथेच फरशीवर बसकण मारली. बोटं सुजली होती. ओढून ओढून तिने जोडवी काढली, खाटेच्या पायथ्याशी जाऊन पांघरूण सारलं आणि घाईघाईने ती गोजाबाईच्या बोटांत बसवली.

खाटेवरून घोगरा, पण चांगला खणखणीत आवाज आला.

"डाव्याचं उजव्यात घातलंस, पोरी."

खैरुन्निसाला रडू कोसळलं. रडत रडतच तिने दोन्ही जोडवी काढली आणि बदलून पुन्हा घातली.