झुमानाच्या पुडीतला डाग

झुमाना त्राओरे या खेड्यातल्या वैदूच्या पुडीने काचेच्या बशीतले हिवतापाचे जंतू पहिल्याच दिवशी साफ मारले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मालीतल्या बामाकोच्या आमच्या प्रयोगशाळेत झाडांच्या शेकडो साली आणि मुळं येऊन गेलीत. झाडपाला गोळीच्या वेगाने काम करत नाही. मी पूड विरघळवून घटक वेगळे करणाऱ्या काचपट्टीवर चढवली. दुकानातल्या हिवतापाच्या गोळीचा डाग जिथे उमटतो, तिथेच हिचाही उमटला.

"तपासायच्या औषधांच्या यादीतून नाव काढ त्याचं," साहेब म्हणाले.

पण मला त्याला तोंडावर विचारायचं होतं. मी त्याच्या गावी गेले.

"आली चवळीखाऊ," झुमाना अंगणातूनच म्हणाला. त्राओरे आडनावाचे लोक आणि आम्ही दियारा एकमेकांना असंच चिडवतो, त्याचा राग धरायचा नसतो.

"चवळी नाही बाबा, तुझ्या पुडीत गोळी सापडली."

त्याचं हसू मावळलं. "म्हणजे मी लबाड?"

"पूड कोण करतं?"

"मुळं मी खणतो. कुटते सातू."

सातू त्याची बायको. ती पलीकडे बाजरी कुटत होती. तिचं मुसळ क्षणभर वरच्या वर थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

"मला माहितीये तुम्हा प्रयोगशाळावाल्यांचं," झुमाना म्हणाला. "आधी औषध खोटं म्हणायचं, मग मूळ गुपचूप पळवायचं."

"मग माझ्यासमोर खण. कुटेन मी."

त्याने खणलं. शेजारणीचं उखळ मागून आणून मी कुटलं आणि पुडी पोलक्यात ठेवली. अर्धी पूड त्याने स्वतःच्या कनवटीला बांधली. "तू तिकडे काय कालवशील, काय सांगावं."

प्रयोगशाळेत या पुडीचा तसा डाग उमटलाच नाही. तिसऱ्या दिवशी जेमतेम निम्मे जंतू मेले होते. हळूहळू का होईना, पण मेले होते.

मी परत जाऊन हे सांगितलं. सातूने माझ्यापुढे पाणी ठेवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "गोळ्या मी घालत होते."

झुमानाचा हात कनवटीच्या पुडीकडे गेला.

"वरच्या आळीतल्या फान्ताची पोर तुमच्या पुडीवर चार दिवस तापली," ती त्याला म्हणाली. "दवाखान्याच्या वाटेवर माझ्या मांडीवर गेली. तेव्हापासून घालतेय."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर मुसळाला हात लावू दिला असतात?"

त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "मग पोरी, जे बरे झाले ते कुणामुळे?"

कुठल्या पुडीत किती गोळ्या गेल्या, ते सातूलाही आठवत नव्हतं.

ते मूळ आमच्या यादीत राहिलं, नव्या क्रमांकाने. त्यातलं नेमकं काय जंतूंना मारतं, ते आम्ही अजून शोधतोय. झुमाना आता स्वतः कुटतो आणि तापलेल्या पोरांना आधी दवाखान्यात पाठवतो, असं तो सांगतो. सातूचा त्याच्या या सांगण्यावर भरवसा नाही. पोर घेऊन कुणी आलं की ती दाराशी उभी राहून ऐकते. आणि त्याने पाठवलेली प्रत्येक पुडी मी आधी काचपट्टीवर चढवते.