‘भिंत वाढवा’ एवढंच बोलणारा निरोप्या

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. मला बघायला चष्मा पुसून उपयोग नाही. मी प्रथिनाचा एक कण आहे आणि एका सलूनवाल्याच्या हृदयात, स्नायूच्या एका पेशीत राहतो. आमच्यात कुणी फार जगत नाही. एक गेला की तसाच दुसरा त्याच्या जागी बसवतात. म्हणून माझे पणजोबा, आजोबा आणि मी सगळे एकच समजा. स्वभावही सगळ्यांचा सारखाच, उतावळा.

माझ्या अंगाला फॉस्फेटचे बंद बांधलेले असतात. ते आहेत तोवर मुकाट्यानं बसायचं. हृदयावर जास्तीचा भार पडत राहिला की पेशीत कॅल्शियम साचतं आणि आमच्या कातरीवाल्याला, म्हणजे शेजारच्याच एका प्रथिनाला, जागं करतं. तो माझे बंद कचाकच कापतो, आणि मी सुटतो तो थेट केंद्रकात. पेशीनं काय बनवायचं ते तिथं ठरतं. तिथं मी ओरडतो, “भार वाढलाय, भिंत वाढवा!” बस्स. भार का वाढला, कुणी वाढवला, असल्या भानगडीत मी पडत नाही.

आमचे सलूनवाले मालक तरुण होते तेव्हा मला फारसं काम नव्हतं. पुढे त्यांचं ब्लडप्रेशर चढलं, रक्त ढकलताना हृदय मेटाकुटीला आलं आणि माझी धावपळ सुरू झाली. माझ्या एका हाकेसरशी पेशी जाडजूड व्हायची. भिंत कशी भक्कम झाली म्हणून सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मीही ऐटीत हिंडत होतो.

पण मेली ती भिंत वाढली आतल्या बाजूला! रक्त भरायची खोली झाली एवढीशी, आणि भिंत इतकी ताठ की सैल व्हायचं नाव नाही. मालक दोन जिने चढले की धापा टाकायला लागले. असंच चाललं तर हृदय एक दिवस दमून बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी घाबरलो हो! पण करतो काय? ‘थांबा’ हा निरोप मला कुणी शिकवलेलाच नाही.

डॉक्टरबाईंनी मालकांना रोज घ्यायची गोळी दिली होती. मालकांनी डोकं लढवलं. तपासणी जवळ आली की चार दिवस गोळी घ्यायची, एरवी डबीत झोपू द्यायची. बाई म्हणायच्या, “वा, प्रेशर छान आहे!” आणि हे घरी येऊन बायकोसमोर मिरवायचे.

मिरवणं घरात राहिलं असतं तर चाललं असतं. पण मालकांच्या तोंडाला कुलूप कुठलं? एकदा खुर्चीत एक नवे आजोबा मान मागे टाकून बसले होते, तोंडाला फेस, गळ्यापाशी वस्तरा.

“औषधाचं कसं असतं माहितीये का आजोबा,” मालक म्हणाले, “परीक्षेपुरता अभ्यास करायचा. आपल्या नाक्यावरच्या डॉक्टरबाईही खूश, आपणही खूश!”

गळ्यावर वस्तरा असताना कोण वाद घालणार? वस्तरा धुवायला मालक वळले, तसे आजोबा ताडकन उठून बसले.

“उरलेली दाढी राहू द्या. आधी माझा फोन द्या. ती डॉक्टर माझी मुलगी आहे!”

बाई तडक सलूनमध्ये आल्या. मालकांना त्यांच्याच खुर्चीत बसवून प्रेशर मोजलं. ते भलतंच चढलेलं निघालं. मग हृदयाची सोनोग्राफी झाली, तिथं मालकीणबाईही होत्या.

“भिंत जाड झालीय,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“मग बरंच की! मजबूत झाली,” मालक म्हणाले.

“मजबूत?” मालकीणबाई कडाडल्या. “जिना चढताना कठड्याला लोंबकळता, ते मजबूत?” आणि एकदम त्या रडवेल्या झाल्या. “तुम्हाला काही झालं तर मी भांडायचं कुणाशी हो?”

मालकांनी खिशातली गोळ्यांची डबी काढून मुकाट त्यांच्या हातात ठेवली.

तेव्हापासून रोज सकाळी घरात परेड असते. “आ करा. जीभ वर करा. हं, गिळली!” मालक तोंड वाकडं करतात, पण गिळतात. भार उतरला. कॅल्शियम साचायचं थांबलं, कातरीवाला पेंगायला लागला आणि माझे बंद पुन्हा बांधले गेले. भिंत हळूहळू उतरतेय. परवा मालक दोन जिने चढले, तेही बायकोशी हुज्जत घालत, न थांबता.

मी मात्र बिनकामाचा बसून आहे. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्या आईबाबांच्या, आजीआजोबांच्या हृदयातही माझा एकेक भाऊबंद बसलेला आहे. प्रेशरची गोळी असेल तर ती पोटात जाते की डबीत राहते, तेवढं बघत जा. आम्हाला कामाची हौस दांडगी आणि अक्कल बेताची. तुमच्या पाया पडतो, आम्हाला बेकार ठेवा.